कोरड्या केसांसाठी कैची कोणती? आधी धार लावणारा शोधा

सेलूच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पार्लर चार वर्षांचं. कुरळ्या केसांच्या मुली यायला लागल्यात आणि त्यांचे केस कोरडेच कापायचे आहेत. हातातली सहा इंची कैची ओल्या केसांवर बरी चालते, पण कोरड्यावर केस दुमडतो नाहीतर पुढं सरकतो. दहा हजारांपर्यंत तयारी आहे. कोणती घ्यावी? आणि हाताखालची मुलगी डावखुरी आहे, तिला तीच चालेल का?

ताई, पैसे काढण्याआधी आहे तीच कैची तपासा. केस दुमडतोय म्हणजे धार गेली असं लोक धरून चालतात, पण माझ्याकडं तक्रार घेऊन येणाऱ्या पुष्कळ कैच्यांचा नुसता स्क्रू सैल झालेला असतो. पाती वर छताकडं करून बोटं घालायचं एक कडं डाव्या हातात धरा. दुसरं कडं उजव्या हातानं उचलून पाती काटकोनात उघडा आणि सोडून द्या. कैची आपल्या वजनानं मिटायला लागेल. एक तृतीयांश उघडी राहून थांबली तर ताण बरोबर. खाडकन पूर्ण मिटली तर सैल, जागची हललीच नाही तर फार घट्ट. सैल कैचीत दोन पात्यांमध्ये फट पडते आणि केस कापला जायच्या ऐवजी त्या फटीत आडवा झोपतो. ओले केस एकमेकांना चिकटून जाडसर होतात, म्हणून ओल्यावर ही खोट झाकली जाते. कोरडा केस सुटा असतो, तो लगेच चुगली करतो. स्क्रू पाव फेरा आवळा, पुन्हा सोडून बघा, मग एका बटेवर चालवा. सुधारली तर दहा हजार वाचले. नाही सुधारली तर पुढचं वाचा.

मी लातूरला सलून चालवतो, सव्वीस वर्षं झाली. वडील धोकटी घेऊन सायकलवर पाच गावं करायचे. वस्तरा, कैची, नखं काढायची नराणी, वस्तरा घासायची चामोटी, आरसा आणि पितळी वाटी. गावात पारावर बसले की पहिलं काम वाटीत पाणी मागणं. ‘पाण्याबिगर कैची लावू नको, केस रडतो,’ असं ते मला सांगायचे आणि मी ते वेदवाक्य धरून बसलो होतो. ते मोडलं २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरला नळाला पाणी नव्हतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. घरात प्यायला पाणी मोजून घेणारा माणूस सलूनमध्ये डोकं धुवायला पाणी कुठून आणणार? स्प्रेच्या बाटलीत आम्ही दिवसाला एक पेला पाणी भरायचो, तेही दाढीसाठी राखून. दोन-अडीच महिने जवळजवळ सगळं काम कोरड्यावर केलं आणि त्या काळात माझ्या दोन चांगल्या कैच्या बोथट होऊन बसल्या. हौसेनं कोरडं कापणारे मोठ्या शहरात पुष्कळ असतील. मी नाइलाजानं शिकलो. त्यामुळं जे सांगतोय ते आपल्याकडच्या केसाचं आणि आपल्याकडच्या धुळीचं आहे.

कोरड्या केसावर कैची का अडते ते एकदा समजून घ्या, मग दुकानदार काहीही सांगो, तुमचं तुम्हाला कळेल. केस पाण्यात फुगतो. जाडी साधारण पंधरा टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र एक-दोन टक्केच. आतले हायड्रोजनचे बंध पाण्यानं सुटतात, त्यामुळं ओला केस मऊ पडतो आणि ओढला की ताणला जातो. वाळला की ते बंध पुन्हा जुळतात. कुरळ्या मुलीचे केस ओले असताना कमरेला टेकतात आणि वाळल्यावर खांद्यावर येतात, ते याच्यामुळं. तुम्ही ते कोरडे कापायचं ठरवलं हे बरोबरच केलं. जिथं कापलं तिथंच बट बसलेली दिसते, नंतर आरशासमोर रडारड नाही. पण कोरडा केस कडक असतो. कैचीच्या दोन पात्यांमध्ये सापडला की सहज शरण येत नाही, मिटणाऱ्या पात्यांपुढं टोकाकडं पळतो. पात्याला टोकापर्यंत सारखी धार असेल तर तो मध्येच तुटतो. नसेल तर तुम्ही म्हणता तसं होतं: कापायचा होता एक रेघेत आणि मधला केस कमी, टोकाकडचा जास्त कापला जातो.

आता यात आपल्याकडचा मसाला घाला. बोअरचं पाणी जड. त्यातले क्षार केसावर बसतात, केस खरबरीत होतो. तुमच्या सेलू-मानवतच्या पट्ट्यात जिनिंगचा हंगाम सुरू झाला की डोक्यात कापसाचा कोंडा. आमच्याकडं सोयाबीन आणि तुरीचं मळणीयंत्र सुरू झालं की गिऱ्हाईक भुश्श्यासकट खुर्चीत बसतं. वर खोबऱ्याचं तेल आणि त्या तेलावर चिकटलेला काळ्या मातीचा धुरळा. केस स्वतः मऊच असतो. अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली दाढीच्या पात्यावर काम केलं होतं. केस स्टीलपेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी तो पात्याच्या धारेचे बारीक कपचे काढतो असं त्यांना दिसलं, आणि पोलाद आतून जितकं एकसारखं तितके कपचे कमी. नुसता केस एवढं करतो, तर केसावरची माती काय करत असेल? म्हणून माझा पहिला नियम: कोरडं कापायचं म्हणजे न धुतलेलं कापायचं असं नाही. धुवा, वाळवा आणि मग कापा. तुमच्याकडं येणाऱ्या मुलींना आदल्या दिवशी तेल न लावता, केस धुऊन, गुंता काढून यायला सांगा. ही एक सवय लावली तर कैचीचं आयुष्य दुप्पट होतं, आणि तिला पैसा लागत नाही.

आता धार. बाजारात मोटामोटी दोन जाती आहेत. एकीत पात्याच्या कडेला सरळ तिरपा उतार दिलेला असतो आणि बहुतेक वेळा एका पात्यावर अतिबारीक दाते असतात. नख हलकेच फिरवलं की खरखर लागते. जर्मनीतल्या झोलिंगेन गावाच्या कैच्यांनी ही जात जगभर नेली. हे दाते केसाला धरून ठेवतात, पुढं सरकू देत नाहीत. पुरुषांच्या कटिंगला, कंगव्यावरून कापताना, कोरड्यावरसुद्धा ही कैची झकास चालते. माझ्या खुर्चीवर आजही एक आहे. दुसरी जात जपानी घडणीची. पात्याची बाहेरची बाजू शिंपल्यासारखी फुगीर, वळत वळत धारेला येते. जपानी लोक तिला हामागुरी म्हणतात, तेही एका शिंपल्याचंच नाव. आतली बाजू किंचित खोलगट कोरलेली असते, म्हणजे मिटताना दोन पाती फक्त धारेच्या बारीक रेघेवर एकमेकांना शिवतात. दाते नसतात. ही धार वस्तऱ्याच्या जवळ जाणारी.

तुम्हाला ही दुसरी लागेल, आणि त्याचं कारण कुरळे केस. कुरळी बट तुम्ही कंगव्यात ताणून आडवी कापणार नाही. बट सुटी ठेवून टोकाला एक काप देणार, कुठं कैचीचं टोक उभं घालून आतलं वजन काढणार, कुठं अर्धी उघडी कैची बटेवरून घसरवत खाली आणणार. त्या घसरवण्यात दात्याची कैची केसाला ओरबाडते. केसावरचे खवले उचकटतात, आठ दिवसांत टोकं पिंजारलेली दिसतात आणि मुलगी म्हणते, ताईंनी केसाची वाट लावली. विरळ करायची दातेरी कैची तर कुरळ्या केसावर हातातच घेऊ नका. आखूड कापलेले केस लांब केसांच्या आतून उभे राहतात आणि डोकं फुगतं.

पात्याचा आकारही बघा. काही पाती बांबूच्या पानासारखी असतात, पोटाला रुंद, टोकाला निमुळती. ती घसरवायला फार गोड. काहींच्या पाठीवर तलवारीसारखी उभी कड असते. पातं जाड आणि ताठ, कडक केसाच्या दाट बटेत वाकत नाही. दुकानात ‘ड्राय कट’ म्हणून जी विकतात ती बहुतेक या दुसऱ्या प्रकारची. मला विचाराल तर तलवारी पातं घ्या. दाट कुरळ्या केसात पातळ पातं किंचित बाजूला फाकतं आणि मग परत तेच दुमडणं.

पोलादाबद्दल लोक फार डोकं खातात. मी थोडक्यात उरकतो. कार्बनमुळं कडकपणा येतो, क्रोमियममुळं गंज लागत नाही. ४४०सी या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम. कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर ५८ ते ६० पर्यंत कडक करता येतं. कैचीसाठी चांगलं आणि मार सोसणारं पोलाद. व्हीजी-१० हे जपानच्या फुकुई भागातलं. त्यात कोबाल्ट असतो, ६० च्या वर जातं, धार जास्त टिकते. ४२० मालिकेतलं पोलाद यांच्यापेक्षा मऊ, पन्नास-पंचावन्नच्या आसपास. फसवणूक इथंच होते. पात्यावर नुसतं ‘४४०’ कोरलेलं असतं. ४४० मध्ये ए, बी आणि सी आहेत, आणि ए मध्ये कार्बन पाऊण टक्क्यापर्यंतच. ‘जपान स्टील’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे कैची जपानची असं होत नाही. आणि कुठं ‘जे-टू’ दिसलं तर ते ४२० चंच भावंड समजा. एकदा एका प्रदर्शनात मी स्वतः ‘जपान’ वाचून साडेसहा हजार मोजले आणि दिवाळीच्या गर्दीत ती कैची तीन आठवड्यांत बोथट झाली.

कडक म्हणजे चांगली असंही समजू नका. कडक पोलाद ठिसूळ असतं. आपल्याकडं दुकानात खाली शहाबादी फरशी. साठच्या वरची कैची कमरेइतक्या उंचीवरून टोकावर पडली की टोकाचा कण उडालाच. ४४०सीचं टोक वाकतं, ते कारागीर सरळ करू शकतो. पहिली चांगली कैची घेताय, म्हणून ४४०सीच घ्या. व्हीजी-१० पाच वर्षांनी.

मेरठच्या कैचीला नावं ठेवू नका, हे मात्र सांगतो. भंगारातलं पोलाद ठोकून हातानं घडवलेली ती कैची, २०१३ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ‘दादा ले, पोता बरते’ असं तिकडं म्हणतात, म्हणजे आजोबानं घ्यावी आणि नातवानं वापरावी. वडिलांची मेरठची कैची माझ्याकडं आहे आणि अजून कापड कापते. तिचा धर्मच वेगळा. कापडाला, ओल्या केसाला, सरळ रेघेला ती चालते, कोरड्या बटेवर घसरवायला नाही.

आता मुख्य मुद्दा. शीर्षकात तोच लिहिलाय. तुम्ही कोणती कैची घेऊ विचारताय, मी विचारतो, धार कुणाकडून लावणार? शिंपल्याच्या धारेची कैची घेणं सोपं आहे. सेलूत, परभणीत, लातुरातसुद्धा तिला धार लावणारा मिळणं अवघड आहे. सायकलच्या मागं चाक बसवून ‘धाऽऽर’ ओरडत फिरणारा माणूस विळी, सुरी, अडकित्ता यांच्यासाठी देवमाणूस. तुमच्या कैचीला त्याची सावलीसुद्धा पडू देऊ नका.

मी पडू दिली होती. दुकान थाटून सातआठ वर्षं झाली होती, हातात पहिली महाग कैची आलेली, तीन महिन्यांच्या बचतीची. धार जरा मंदावली. बाजारात एक जण बसायचा, वडिलांचा वस्तराही त्याच्याकडंच जायचा. मी दिली. त्यानं चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या, मला वाटलं काय झकास काम चाललंय. परत घेतली तेव्हा धारेजवळ निळसर झाक आली होती. ती झाक म्हणजे पोलाद तापलं आणि त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. वर त्यानं आतली बाजूही चाकावर सपाट केली. ती खोलगट कोरीव बाजू गेली की पाती धारेवर भेटायच्या ऐवजी अख्ख्या अंगानं घासतात. बाहेरचा शिंपला जाऊन विळ्यासारखा उतार आला. कागद कापून दाखवला त्यानं, फर्रकन कापला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच डोक्यावर केस दुमडला. त्याचा दोष नाही. त्याला विळीला धार लावता येत होती, त्यानं माझ्या कैचीची विळी करून दिली.

नांदेडला कृपाणं घडवणारे शिकलीगर आहेत. पोलादाला पाणी देण्यात त्यांचा हात धरणारा विरळाच. मी हौसेनं त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराला कैची दाखवायला गेलो होतो. त्यांनी ती उन्हात धरली, दोनदा हळू मिटली आणि परत दिली. म्हणाले, तलवारीला एकच पातं, इथं दोघांचा संसार आहे, मी एकाला धार लावीन आणि दुसरं रुसेल. इतका प्रामाणिक माणूस मला कैचीच्या धंद्यात परत भेटला नाही.

तर धार लावणारा शोधताना त्याला चार गोष्टी विचारा. चाक उभं आहे की आडवं सपाट? शिंपल्याची धार पाण्याच्या दगडावर किंवा सपाट फिरणाऱ्या चकतीवर, गार ठेवून लावतात. आतल्या बाजूला काय करणार? ‘दगडावर एक-दोन हलके हात, बस’ असं म्हणाला तर माणूस जाणकार. ‘आतूनही घासून देतो’ म्हणाला तर कैची पिशवीत टाका. स्क्रू खोलून पाती वेगळी करतो का? वेगळी न करता नीट धार लागत नाही. आणि परत देताना कशावर कापून दाखवतो? कागदावर दाखवणारा आणि ओल्या टिश्यूवर दाखवणारा यात फार फरक आहे. ओला टिश्यू लोळागोळा होतो, त्याला मुळापासून टोकापर्यंत न ओढता कापणं हे शिंपल्याच्या धारेचंच काम. पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत असे कारागीर आहेत. आपल्याकडून माल आणायला लोक हैदराबादच्या बेगम बाजारला जातातच, त्यांच्याबरोबर पाठवता येते. मी वर्षातून दोनदा डब्यात घट्ट गुंडाळून पार्सलनं पाठवतो. कैची आठ-दहा दिवस जाते, म्हणून दुसरी लागते. याचा खर्चही आजच धरा. धार लावताना दर वेळी पात्याचं थोडं अंग जातं, तेव्हा उगाच दर महिन्याला धार लावत बसू नका.

आकाराचं झटपट. लांबी टोकापासून बोटाच्या कड्याच्या शेवटापर्यंत मोजतात, करंगळी टेकायची शेपटी धरत नाहीत. नुसतं पातं तुमच्या मधल्या बोटाएवढं असावं. बायकांच्या हाताला साडेपाच इंच बहुतेक बसते. बट-बट कापायला लांब कैची नकोच, टोक कुठं पोचलं ते दिसत नाही. साडेसहा-सात इंच आमच्यासारख्या कंगव्यावरून कापणाऱ्यांना. कडी मागंपुढं असलेली घ्या, अंगठ्याचं कडं आखूड. दोन्ही कडी समोरासमोर असलेल्या जुन्या घडणीत अंगठा सारखा ताणलेला राहतो. कोरडं कापताना हात जास्त वेळ हवेत असतो आणि जोरही जास्त लागतो, चाळिशीनंतर अंगठ्याच्या मुळाशी त्याची वसुली होते. माझी चालू आहे. अंगठ्याचं कडं फिरतं ती कैची मला जमली नाही, पण ज्यांना जमते ते तिच्यावर जीव टाकतात.

दुकानात जाताना पर्समध्ये दोन वस्तू ठेवा: टिश्यू आणि तुमच्याच पार्लरमधली, रबरानं बांधलेली कोरड्या केसांची एक जुडी. कुरळे मिळाले तर उत्तम. कैची कानाजवळ नेऊन हळू मिटा. एकसारखा रेशमी आवाज हवा. मध्येच कट् झालं तर तिथं काही तरी आहे. मग उजेडाकडं धरून मिटताना बघा, दोन पात्यांमधली बारीक उजेडाची फट स्क्रूपासून टोकाकडं सरकत बंद झाली पाहिजे. आता जुडीवर काप द्या, आधी फक्त टोकानं. स्वस्त कैच्या मध्यात छान कापतात आणि टोकाला मार खातात. शेवटी अर्धी उघडी ठेवून जुडीवरून घसरवा. अडकली, ओढलं गेलं, तर दुकानदार जपानच्या राजाचं नाव सांगू दे, ठेवा परत. केसावर चालवू देत नाही म्हणाला तर त्या दुकानाची पायरी उतरा. हवेत कैची कचकच वाजवून दाखवणाऱ्यावरही विश्वास ठेवू नका. मध्ये केस नसताना कैची वाजवणं म्हणजे धारेला धारेवर आपटणं.

तुमच्या जागी मी असतो तर दहा हजारांची एक घेतली नसती. सहा-सात हजारांत ४४०सीची, शिंपल्याच्या धारेची, तलवारी पात्याची साडेपाच इंची घेतली असती आणि ती फक्त धुतलेल्या, वाळलेल्या केसांसाठी राखली असती. कुणाला हात लावू दिला नसता, नवऱ्याला पार्सल फोडायलासुद्धा नाही. आताची सहा इंची पहिल्या हाताला: तेलकट डोकं, मेंदीचे केस, लग्नाच्या घाईतली लांबी कमी करायला. मेंदी लावलेल्या केसात हिरवा भुगा राहतो, तो वाळूसारखाच. उरलेले तीन-चार हजार धारेसाठी बाजूला.

आणि घेतल्यावर रोज संध्याकाळी दोन मिनिटं द्या. मऊ चामड्याच्या तुकड्यानं पाती आतून बाहेरून पुसायची, धारेच्या रेघेवरून लांबीनं नाही, पाठीकडून धारेकडं. पाती उघडून स्क्रूखाली अडकलेले केसांचे कण झटकायचे आणि मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबऱ्याचं तेल नको. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आपल्याकडं डिसेंबरच्या सकाळी कैची गोठलेली सापडेल, आणि उन्हाळ्यात चिकट होऊन धूळ धरेल. निर्जंतुक करायला सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा, ब्लीचच्या पाण्यात बुडवू नका. लॉकडाऊननंतर २८ जून २०२० ला सलून उघडली तेव्हा भीतीपोटी आम्ही सगळं हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचच्याच पाण्यात, बुडवत होतो. महिनाभरात चार कैच्यांच्या धारेवर सुईनं टोचल्यासारखे गंजाचे खड्डे पडले. स्टेनलेस म्हणजे डाग न लागणारं, पण क्लोरीनपुढं त्याचंही चालत नाही.

राहिली तुमची डावखुरी मुलगी. तिला तुमची कैची देऊ नका. उजव्या हाताच्या कैचीत बोटं मिटताना अंगठा किंचित बाहेर ढकलतो आणि त्या जोरानं पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कैची डाव्या हातात घेतली की तोच जोर पाती फाकवतो. मग ती नकळत अंगठा उलटा ओढून कापते, केस दुमडतो, मनगट दुखतं आणि तुम्ही म्हणता पोरीचा हात बसत नाही. नुसती कडी डावीकडं वळवलेली ‘दोन्ही हातांची’ म्हणून विकतात, तीही नको. टोक वर करून समोर धरल्यावर वरचं, म्हणजे आपल्याकडचं, पातं डाव्या बाजूला दिसलं पाहिजे, म्हणजे पातीच उलटी घडवलेली असली पाहिजेत. दुकानात मिळत नाही, मागवावी लागते आणि थोडी महाग पडते. माझ्याकडं एक डावखुरा पोरगा अकरा महिने उजव्या कैचीनं झगडत होता. खरी डावी कैची हातात दिली त्या दिवशी त्यानं दुपारपर्यंत सात डोकी केली आणि जेवायला उठायचं विसरला.